नेपियर कापल्यावर झाडूसारखं फुटतंय? केनियातल्या तुडतुड्याची गोष्ट

किसुमूकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा वाळवा तालुक्यातला, गेली सहा वर्षं पश्चिम केनियात एका साखर कारखान्याच्या शेती विभागात आहे. ऊस हा माझा पोटापाण्याचा विषय, पण धागा गवतावर काढतोय कारण परवा घरी फोन केला तर भाऊ सांगत होता की गावात नवीन नेपियरच्या कांड्या आल्यात, कुणीतरी लांबून गाडीच्या डिकीत घालून आणल्या आणि आता अख्खी भावकी त्यातनं चार चार कांड्या नेतीय. हे ऐकलं आणि मला इथली ममा आठवली.

आमच्या क्वार्टरच्या कुंपणाला लागून एका बाईंचं शेत आहे, सगळे त्यांना ममाच म्हणतात. जेमतेम पाऊण एकर, त्यात मका, घेवडा, केळी, आणि एक संकरित गाय. गाय कायम गोठ्यात, कारण चरायला सोडायला जागाच नाही, इकडं याला झिरो ग्रेझिंग म्हणतात आणि लाखो घरं अशीच दूध काढतात. त्या गाईची वैरण म्हणजे बांधावर लावलेलं नेपियर, आपण हत्तीगवत म्हणतो तेच, हे गवत मूळचं आफ्रिकेचंच आहे. मी आलो त्या वर्षी ममाचं नेपियर माझ्या डोक्यावर हातभर होतं. मोठ्या पावसात तिनं कापलं आणि पुढचा फुटवा आला तो बघून मी खाली बसलोच. एका ठोंबातनं पन्नास-साठ फुटवे, पण एकेक काडी पेनातल्या रिफिलीएवढी, पेरं बोटाच्या पेराएवढं, पान वीतभरसुद्धा नाही आणि रंग हळद पाण्यात कालवल्यासारखा. लांबनं बघितलं तर बांधावर कुणी पिवळे झाडू उलटे रोवून ठेवलेत असं वाटावं. ममा म्हणाली खत कमी पडलं असंल, तिनं शेण घातलं, परत कापलं, तिसऱ्या फुटव्याला तो ठोंब गुडघ्याच्या वर आलाच नाही आणि पाचव्या-सहाव्या कापणीला वाळून गेला.

हा नेपियर स्टंट रोग. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला पश्चिम केनियात दिसायला लागला, मग युगांडा, इथिओपियाकडंही तसाच रोग सापडला. कारण आहे फायटोप्लाझ्मा, म्हणजे भिंत नसलेला अतिशय छोटा जिवाणू, तो झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो आणि झाड किंवा किडा सोडून बाहेर कुठंच जगत नाही. आणि त्याला एका ठोंबातनं दुसऱ्यात नेतो तो एक तुडतुडा, तांदळाच्या कणीएवढा. ज्यांच्याकडं नेपियर आहे त्यांनी आपापलं बघून इथं लिहा, मी जमंल तसं उत्तर देतो.

गोठा_आणि_मी

दादा तुम्ही अगदी वेळेवर लिहिलंत. मी कडेगाव भागातला, १० गुंठे नेपियर आहे, आठ म्हशी. माझ्याकडं पण पिवळं पडलंय आणि आता तुमचं वाचून पोटात गोळा आला. कांड्या मेव्हण्याकडनं आणल्या होत्या दोन वर्षापूर्वी. पिवळं पडलेलं पट्ट्यात आहे, चारीच्या खालच्या अंगाला जास्त. हे तेच का?

किसुमूकर

गोठा भाऊ, आधी घाबरू नका. पिवळं दिसलं म्हणजे स्टंट असं अजिबात नाही, आणि आपल्याकडं चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या रानात लोह कमी पडून पिवळं पडणं कितीतरी कॉमन आहे. फरक असा बघा. लोहाची कमतरता असंल तर कोवळ्या पानाची शिर हिरवी राहते आणि मधला भाग पिवळा पडतो, आणि पट्टा जमिनीप्रमाणं असतो, म्हणजे चारीजवळ, खोलगट भागात सगळेच ठोंब थोडेफार सारखे. स्टंट असंल तर एक ठोंब पार बुटका झाडू आणि त्याला लागून असलेला ठोंब एकदम तरणाताठा असं ठिपक्या ठिपक्यानं दिसतं. पिवळेपणापेक्षा पेऱ्याची लांबी आणि फुटव्यांची संख्या बघा. आणि कापायच्या आधी बघू नका, कापल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी बघा.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. रोग आत शिरला तरी उभ्या गवतात बऱ्याचदा काहीच कळत नाही, ते मस्त हिरवं दिसतं. कापणी झाली की ठोंब साठवलेल्या ताकदीवर नवीन फुटवा काढतो आणि त्यावेळी तो ठेंगणा पिवळा अवतार बाहेर पडतो. आता विचार करा, आपण बेण्यासाठी कांडी कुठली निवडतो? सगळ्यात उंच, जाड, न कापलेली. म्हणजे नेमकी ती, जिचा रोग अजून दिसायचाय. इथल्या लोकांचं याच्यामुळंच झालं. तुडतुडा फार तर या बांधावरनं त्या बांधावर नेणार, पण माणसानं मोळी सायकलला बांधली आणि एका दिवसात चार गावं ओलांडून नेली.

शिरीष_जीवशास्त्र

ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर घालतो, कारण "किडा रोग पसरवतो" म्हटलं की मुलांना वाटतं माशी जशी पायाला घाण लावून फिरते तसं काहीतरी असेल. इथं तसं नाहीये.

तुडतुडा पान चावत नाही. त्याची सोंड म्हणजे केसापेक्षा बारीक सुयांचा जुडगा, तो पानात शिरवून थेट अन्नरसाच्या नळीला लावतो. त्या नळीत दाब असतो त्यामुळे रस आपोआप वर चढतो, आणि रसात साखर खूप, प्रथिनं कमी, म्हणून त्याला सारखं पीत राहावं लागतं. जास्तीची साखर मागून गोड चिकट पाण्यासारखी टाकून देतो (ज्वारीवर चिकटा पडला म्हणतात तो हाच, मावा आणि तुडतुड्यांची विष्ठा). आता हा रस रोगी ठोंबातला असेल तर त्याच्याबरोबर फायटोप्लाझ्मा पोटात जातो, पण लगेच दुसऱ्या ठोंबावर बसला म्हणून लागण होत नाही. तो जंतू आतड्याची भिंत ओलांडून किड्याच्या रक्तासारख्या द्रवात येतो, तिथे वाढतो, मग लाळग्रंथीत पोचतो, याला साधारण काही आठवडे लागतात. त्यानंतर मात्र तो तुडतुडा जिवंत असेपर्यंत जिथे जिथे सोंड लावेल तिथे तिथे लाळेतून जंतू सोडत राहतो. मलेरियाचा डास आठवा, अगदी तोच हिशोब, फक्त डासाच्या जागी तुडतुडा आणि रक्ताच्या जागी गवताचा रस.

आणखी एक. हे जंतू १९६७ पर्यंत कुणाला माहीतच नव्हते, असले सगळे रोग विषाणूचे समजले जात. जपानमध्ये तुतीच्या खुजा रोगाची पानं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघताना ते पहिल्यांदा दिसले. पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन यांच्यावर चालत नाही, टेट्रासायक्लिननं दबतात पण औषध थांबवलं की परत येतात, त्यामुळे शेतात त्याचा उपयोग नाही.

अनघा_वै

वाचतेय. शिरीष सर, चिकटा म्हणजे विष्ठा हे आज कळलं. लहानपणी ज्वारीच्या रानातनं फ्रॉकला चिकटा लागून यायचा आणि आजी घासून घासून धुवायची.

मंगळवेढ्याचा_कडबा

ज्वारीचा विषय निघाला म्हणून बोलतो. आमच्याकडं कडवळ (वैरणीची ज्वारी) आणि रब्बी ज्वारी दोन्ही, मालदांडी. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, बारीक तुडतुडे बसतात आणि काही ताटांना पानावर लांबच्या लांब पिवळे पट्टे येऊन ताट खुजं राहतं, कणीस बाहेरच पडत नाही किंवा अर्धं पडतं. आमच्या इथल्या कृषी सहायकानं सांगितलं होतं की हा विषाणू आहे, तुडतुड्यानं आणलेला. हे पण तसंच का? कारण आमच्यात म्हणतात की एकदा आला की दरवर्षी येतो, रान बदललं तरी.

किसुमूकर

कडबा दादा, तुम्ही सांगताय ती लक्षणं ज्वारीवरच्या पट्टे रोगाची वाटतात, मक्यातल्या पट्टे विषाणूचाच ज्वारीवरचा प्रकार. त्याचा तुडतुडा म्हणजे पेरेग्रिनस मेडिस, पोंग्यात घोळक्यानं बसतो तोच. यात एक गोष्ट नेपियरच्या रोगापेक्षा वाईट आहे, हा विषाणू मादीच्या अंड्यातनं पिल्लांत उतरतो. म्हणजे पिल्लू अंड्यातनं बाहेर येतं तेच रोग घेऊन, त्याला आजारी ताट शोधायची गरजच नाही. "रान बदललं तरी येतो" याचं अर्धं कारण हेच असावं, आणि दुसरं अर्धं म्हणजे कडवळ, मका, खरिपाची ज्वारी, रब्बीची ज्वारी अशी किड्याला वर्षभर बसायला हिरवी जागा कुठं ना कुठं मिळत राहते.

वायकाटोतला_मराठी

अरे वा, गवताचा धागा आणि मी गप्प कसा बसेन. न्यूझीलंडला डेअरी फार्मवर आहे, ४ वर्षं झाली, इथं गाई वर्षभर बाहेर चरतात, गोठा म्हणजे फक्त दूध काढायची शेड, त्यामुळे सगळा खेळ राय ग्रास आणि पांढऱ्या क्लोव्हरचा. इथं तुडतुड्याऐवजी मावा आहे आणि रोग आहे बार्ली यलो ड्वार्फ, विषाणू. नाव बार्लीचं कारण १९५१ साली कॅलिफोर्नियात बार्लीवर ओळखला गेला, पण तो शंभराहून जास्त जातींच्या गवतांत राहतो आणि गंमत म्हणजे कुरणातल्या बऱ्याच गवतांवर काही दिसतच नाही, बुटकं नाही, पिवळं नाही, फक्त गवत थोडं कमी भरतं आणि आपण म्हणतो यंदा पाऊस कमी झाला.

मला फार्मवर आलेल्या सल्लागार बाईंनी एकदा कुंपण दाखवलं होतं, अलीकडे आमचं कुरण, पलीकडे शेजाऱ्याचा नवा पेरलेला गहू. शरद ऋतूत माव्याला पंख फुटतात (गर्दी झाली, गवत जुनं झालं की पंखवाली पिल्लं जन्माला येतात) आणि ते उडून कोवळ्या गव्हावर जातात, मग काही आठवड्यांनी गव्हात पिवळे लालसर गोल ठिपके पडतात. तिनं सांगितलं कुरण ही या विषाणूची पेटी आहे, तिथं तो वर्षानुवर्षं शांत बसतो. त्या दिवसापासून माझी कुरणाकडं बघायची नजर बदलली खरं सांगतो.

बरं शिरीष सर, माव्यात तो विषाणू वाढत नाही ना? असं ऐकलं होतं.

शिरीष_जीवशास्त्र

बरोबर ऐकलंत. बार्ली यलो ड्वार्फचा विषाणू माव्याच्या आतड्यातून लाळग्रंथीपर्यंत प्रवास करतो पण तिथे वाढत नाही, त्यामुळे आठवडे थांबावं लागत नाही, काही तास रस पिणं आणि साधारण एखादा दिवस एवढ्यावर काम होतं. आणि पिल्लांत उतरत नाही, माव्याचं प्रत्येक पिल्लू कोरं जन्मतं आणि स्वतः रोगी गवतावर बसलं तरच वाहक होतं. म्हणजे बघा, तुमच्या तिघांच्या तीन गोष्टी झाल्या. मंगळवेढ्याचा तुडतुडा वारशानं घेऊन येतो, किसुमूचा काही आठवडे पोटात वाढवून मग देतो, वायकाटोचा मावा कुरिअरवाल्यासारखा नुसता पोचवतो. बाहेरून तिन्हीकडे पिवळं बुटकं गवत, पण आतला हिशोब वेगळा आणि म्हणून उपायही वेगळा.

याच विषाणूच्या गटातले प्रकार माव्याच्या नावावरून ओळखतात, पीएव्ही म्हणजे पाडी आणि अव्हेनी या दोन्ही माव्यांनी नेलेला, आरपीव्ही म्हणजे पाडीनं, आरएमव्ही म्हणजे मेडिस नावाच्याच एका माव्यानं. मला हे फार आवडतं, रोगाला गाडीवानाचं नाव!

गोठा_आणि_मी

सर छान समजावलंत. मग सरळ औषध का मारू नये? दुकानदार म्हणतोय इमिडाक्लोप्रिड मारा, तुडतुडे साफ. घेऊन ठेवलंय पण मारलं नाही अजून.

किसुमूकर

गोठा भाऊ, नका मारू. पहिलं कारण गोठ्याचं, नेपियर तुम्ही रोज कापून रोज खाऊ घालता, हे औषध झाडाच्या रसात भिनणारं आहे, ते म्हशीच्या पोटात आणि पुढं दुधात जाणार, आणि ते दूध तुमच्या घरातली पोरं पण पिणार. दुसरं, जो ठोंब रोगी झालाय तो औषधानं बरा होत नाही, जंतू आत आहे. तिसरं, आज मारले तरी शेजारच्या बांधावरनं उद्या नवीन येतात. इथं ममानं पण उसाच्या वाट्याचं औषध कुणाकडनं तरी आणून मारलं होतं, मीच नंतर तिला समजावलं, आणि खरं सांगायचं तर ते औषध कुठनं आलं असंल ते मला कळलं तेव्हा वाईट वाटलं, आमच्याच रानातल्या मजुरांकडनं आलेलं.

इथं काय केलं ते सांगतो. इसिपे म्हणून नैरोबीची कीटकशास्त्राची संस्था आहे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्बिटाला त्यांचं केंद्र आहे. तिथल्या लोकांनी नेपियरवरचे वेगवेगळे तुडतुडे गोळा करून जाळीच्या पिंजऱ्यात आधी रोगी मग निरोगी रोपांवर सोडले, आणि २००९ साली छापलं की पश्चिम केनियात रोग नेणारा तुडतुडा रेसिलिया बांडा हा आहे, आता त्याला मायेस्टास बांडा म्हणतात. जंतू २००४ ला ओळखला होता, म्हणजे मधली पाच वर्षं रोग नेमका कोण पसरवतोय तेच धड माहीत नव्हतं.

त्यांना याची एवढी घाई का होती याच्यामागं अजून एक गोष्ट आहे. याच केंद्रात डॉ. झियाउर खान, मूळचे भारतातलेच, त्यांनी आणि इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्राच्या लोकांनी पुश-पुल पद्धत बसवली होती. मक्याच्या ओळीत डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वैरण लावायची, तिचा वास खोडकिडीच्या पतंगाला नको असतो, आणि कडेनं नेपियर, त्याच्याकडं पतंग ओढला जातो, तिथं अंडी घालतो आणि अळ्या नेपियरच्या चिकट रसात बहुतेक मरतात. मका वाचतो, वर गाईला वैरण. आणि नेमका नेपियरलाच रोग! हजारो शेतकऱ्यांची कडेची ओळच पिवळी पडायला लागली. मग सोसणारे वाण शोधले, औमा-२ आणि साउथ आफ्रिका अशा नावाचे, आणि कोरड्या भागात नेपियरऐवजी ब्रॅकिएरिया या दुसऱ्या वैरणीच्या गवताचा मुलॅटो-२ वाण कडेला लावायला सुरुवात केली.

ममाकडं आता अर्ध्या बांधावर ब्रॅकिएरिया आहे. रोगी ठोंब तिनं कुदळीनं मुळासकट काढले, नुसते कापले नाहीत. हे काम पाठ मोडणारं आहे, नेपियरचा गड्डा कसा धरतो ते ज्यांनी काढलाय त्यांनाच माहीत, मी आणि माझे दोन सहकारी एक रविवार मदतीला गेलो होतो तर दिवसभरात सतरा ठोंब निघाले.

पाडेगावची_ऊसवाली

किसुमूकर दादा, तुम्ही शेती विभागात आहात म्हणून विचारते, हे वाचताना मला सारखा उसातला गवताळ वाढ रोग आठवतोय. आमच्या खोडव्यात दरवर्षी थोडी बेटं येतात, ऊसच नाही, नुसतं पांढरट पिवळं गवत. सासरे त्याला "उसाचं गवत झालं" म्हणतात.

किसुमूकर

ताई अगदी बरोबर जागी हात घातलात! गवताळ वाढीचा जंतू आणि केनियातल्या नेपियर स्टंटचा जंतू एकाच गटातले आहेत, भाताच्या पिवळ्या खुज्या रोगाचा जो गट आहे ना तोच, शास्त्रज्ञ त्याला सोळा एसआर अकरा म्हणतात. उसात पण तुडतुडाच नेतो आणि उसात पण खरा प्रसार बेण्यातनंच होतो, आणि उसात पण नव्या लागवडीपेक्षा खोडव्यात जास्त दिसतो, म्हणजे कापल्यानंतर. मी ममाचा बांध पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या तोंडातनं गवताळ वाढच आलं होतं.

पण ऊसवाल्यांना एक सोय आहे जी गवतवाल्यांना नाही. उसाला बेणेमळा आहे, मांजरीच्या व्हीएसआय या ऊस संशोधन संस्थेपासून कारखान्यापर्यंत साखळी आहे, बेण्याला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया करतात, ५४ अंशाला अडीच तास. नेपियरच्या बेण्याची विचारपूस कोण करतो? राहुरी कृषी विद्यापीठाचे फुले यशवंत, फुले जयवंत हे वाण आहेत, उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेचं बीएनएच-१० आहे, तिथनं पहिली कांडी नीट येते, पण पुढं ती हातातनं हातात जाते आणि पाचव्या हाताला कुणाला माहीत नसतं की मूळ ठोंब कुठला. आपल्यात बेणं मागितलं तर नाही म्हणत नाहीत, ही चांगलीच रीत आहे, मी ती मोडा म्हणत नाही. फक्त देताना एवढं बघा की ज्या ठोंबाची कांडी देताय तो कमीत कमी दोनदा कापलेला आहे आणि दोन्ही वेळेला सरळ लांब पेऱ्याचा फुटलाय. याला पैसे लागत नाहीत.

अनघा_वै

एक भाबडा प्रश्न, रोगी गवत म्हशीला घातलं तर चालतं का? आणि विळ्यानं पसरतो का?

शिरीष_जीवशास्त्र

प्रश्न भाबडा नाही. फायटोप्लाझ्मा झाडात आणि किड्यात जगतो, जनावराला त्यापासून काही होत नाही, वैरण कमी मिळते एवढंच नुकसान. विळ्यानं किंवा नुसत्या रसाच्या संपर्कानं हे जंतू सहसा जात नाहीत, त्यांना जिवंत नळी ते जिवंत नळी असा मार्ग लागतो, म्हणजे किडा, किंवा रोगी कांडी, किंवा कलम.

एक भारी गोष्ट सांगायची राहिली. इंग्लंडमध्ये नॉरविचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये याच कुळातल्या दुसऱ्या एका फायटोप्लाझ्मावर काम झालंय. तो जंतू झाडात एक प्रथिन सोडतो, त्यामुळे झाडाचं किड्यांविरुद्धचं संरक्षण ढिलं पडतं, आणि तुडतुड्याची मादी त्या आजारी झाडावर जास्त पिल्लं काढते. म्हणजे जंतू स्वतःच्या वाहनाची संख्या वाढवून घेतो. नेपियरच्या जंतूबद्दल मी हे म्हणत नाहीये, पण तो पिवळा झाडू बांधावर वर्षभर ठेवणं किती धोक्याचं असू शकतं ते यावरून लक्षात यावं.

वायकाटोतला_मराठी

शिरीष सर हे तर फारच जबरदस्त. इथं उलटी युक्ती वापरतात, राय ग्रासच्या आत राहणारी एक बुरशी बियाण्यातनंच येते, एंडोफाईट म्हणतात, ती गवतात किड्यांना नकोशी द्रव्यं तयार करते. मुख्य उपयोग भुंगे दूर ठेवायला, पण काही गवतांत माव्यावर पण परिणाम होतो. आणि सगळ्याच बुरशा चालत नाहीत, जुन्या प्रकारानं जनावरं थरथरतात, अडखळतात, म्हणून बियाणं घेताना पिशवीवर बुरशीचा कोड बघूनच घ्यायचं.

गोठा_आणि_मी

सर्वांना उशिरा रिप्लाय देतोय, कापणी आणि त्याच्यात एका म्हशीचं वेत होतं. दादांनी सांगितल्याप्रमाणं कापून साडेतीन आठवडे थांबलो आणि रविवारी पोराला घेऊन एकेक ठोंब बघितला. चारीखालचा पट्टा, फेरस सल्फेटची फवारणी आणि चारीचा निचरा करून दिला होता, तो बराचसा हिरवा झालाय, पेरी लांब आहेत, म्हणजे ते लोहाचंच होतं. पण वरच्या बांधाला तीन ठोंब मात्र वेगळेच निघाले, दोन्ही बाजूचे ठोंब छातीएवढे आणि हे तीन गुडघ्याला, बारीक बारीक फुटव्यांचा गुच्छ. पोरानं मोजले, एकाला ८४ फुटवे. त्याचे फोटो आणि ओल्या कापडात गुंडाळून थोडे फुटवे कृषी महाविद्यालयात देऊन आलो, वनस्पती रोगशास्त्रवाल्या मॅडम म्हणाल्या डीएनए तपासल्याशिवाय नाव घेणार नाही, वेळ लागेल. तोपर्यंत तिन्ही ठोंब कुदळीनं काढले, दुपार गेली त्यात, पाठ धरलीय. त्या जागेला दशरथ घास टाकणार आहे. इमिडाक्लोप्रिडची बाटली दुकानदाराला परत दिली, त्यानं घेतली, थोडी कुरकुर केली.

आणि मेव्हण्याला फोन करून त्याचा मूळ ठोंब बघायला सांगितलंय. माझ्याकडनं गेल्या वर्षी कांड्या नेलेले पाच जण आहेत, तिघांना सांगून झालं, दोघं राहिलेत, त्यातला एक पार जतला आहे. उद्या डेअरीला दूध घालून झालं की त्याच्याकडं जातो.